चार गोल आणि पुढची चार वर्षं : पी. आर. श्रीजेश यांना खुलं पत्र

मुंबई, 9 डिसेंबर 2024

प्रिय श्रीजेश,



आधी अभिनंदन. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकनंतर गोलरक्षकाचे पॅड उतरवलेत, ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक म्हणून ज्युनियर हॉकी संघ घेऊन जोहोर करंडकाला गेलात आणि कांस्य आणलंत, आणि आता 4 डिसेंबरला मस्कतमध्ये पाकिस्तानला 5-3 हरवून ज्युनियर आशिया करंडक जिंकलात. प्रशिक्षक म्हणून पहिलं विजेतेपद मिळायला लोकांना वर्षं लागतात, तुम्हाला महिनेही फारसे लागले नाहीत. पण हे पत्र अभिनंदनासाठी नाही. तुमच्या हाताखालच्या एका मुलाची मला काळजी वाटते, म्हणून लिहितो आहे.

अंतिम सामन्यातल्या पाच गोलांपैकी चार एकट्या अरायजीतसिंग हुंदलचे. चौथ्या मिनिटाला, अठराव्या, सत्तेचाळिसाव्या आणि चोपन्नाव्या. पाकिस्ताननं तिसऱ्याच मिनिटाला गोल चढवला होता, तो या पोरानं मिनिटभरात फेडला. पुढे 3-1 ची आघाडी सुटून 3-3 झाले, तेव्हा पुन्हा तोच धावून आला. वय विशीचं. समोर पाकिस्तान. स्पर्धेचा अंतिम सामना. आपल्याकडे एखाद्या पोराला डोक्यावर घ्यायला याहून जास्त काय लागतं? त्या रात्रीपासून मोबाइलवर त्या गोलांच्या चित्रफिती फिरताहेत आणि त्याखाली 'भारताला नवा धनराज मिळाला'पासून 'हरमनप्रीतचा वारस'पर्यंत सगळं लिहून झालं आहे. हे दोघं वेगवेगळ्या जागी खेळणारे, वेगवेगळ्या काळातले, एकमेकांशी काही संबंध नसलेले खेळाडू आहेत. पण कौतुकाला इतका तपशील परवडत नाही.

मला तो मुलगा आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी क्वालालंपूरच्या ज्युनियर विश्वचषकात त्यानं कोरियाविरुद्ध हॅटट्रिक केली, तेव्हापासून त्याच्यावर नजर आहे. त्याआधी सलालाला ज्युनियर आशिया करंडकाच्या पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल होताच. मोठ्या सामन्यात तो लपत नाही, चेंडू मागतो. हा गुण शिकवून येत नाही. सप्टेंबरमध्ये हुलुनबुइरला आशियाई चॅम्पियन्स करंडकात सीनियर संघाकडूनही तो खेळला आणि मलेशियाविरुद्ध त्यानं दोन गोल केले. म्हणजे कौतुक पोकळ नाही.

तरीही मस्कतच्या चार गोलांकडे तुम्ही गोलरक्षकाच्या नजरेनं पाहिलं असणार. त्यातले तीन पेनल्टी कॉर्नरवरचे, एक मैदानी. आणि सीनियर संघात पेनल्टी कॉर्नर कोण घेतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? सरावात हरमनप्रीतचे फटके तुम्ही वर्षानुवर्षं अंगावर घेतलेत. पॅरिसमध्ये भारतानं 15 गोल केले, त्यातले 10 त्याचे. तो 28 वर्षांचा आहे आणि त्याच्या मागेही अमित रोहिदास, जुगराज, संजय अशी रांग आहे. म्हणजे ज्या हत्यारावर या मुलाचं नाव झालं, ते वरच्या संघात बहुतेक वेळा म्यानातच राहणार. तिथे त्याला डीच्या आत, तीन बचावपटूंच्या गर्दीत, पाठीवर माणूस घेऊन चेंडू अडवायचा, फिरवायचा आणि मारायचा आहे. ज्युनियरमध्ये कॉर्नरवर धावून येणारा पहिला बचावपटू अजून चेहरा सांभाळत येतो. बेल्जियमचा किंवा जर्मनीचा तसा येत नाही. तो तुमच्या फटक्याची चित्रफीत पाठ करून येतो आणि गुडघ्यावर चेंडू झेलायची तयारी ठेवून येतो. त्याच्या मागे व्हिन्सेंट वानाशसारखा गोलरक्षक असतो, ज्याच्याबद्दल मी तुम्हाला काही सांगावं असं नाही.

तेव्हा सीनियर संघातल्या पहिल्या दहा-पंधरा सामन्यांत त्याचे गोल आटले, तर त्याचा खेळ बिघडला असा अर्थ होणार नाही, काम बदललं एवढाच होईल. चित्रफिती पाहणाऱ्यांना तो फरक कळणार नाही. 'मस्कतचा अरायजीत कुठे गेला?' असं विचारायला लोक सहा महिनेही थांबणार नाहीत.

अपेक्षा पूर्ण होतील का, हा प्रश्न आपण नेहमी मुलाला विचारतो. माझ्या मते तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. याची साक्ष तुमच्याच आयुष्यात आहे.

ओर्डोस आठवतं? 11 सप्टेंबर 2011, पहिला आशियाई चॅम्पियन्स करंडक, अंतिम सामना, समोर पाकिस्तानच. सामना गोलशून्य, मग टायब्रेकर. त्यात तुम्ही दोन स्ट्रोक अडवलेत आणि निर्णायक गोल मारला आमच्या मरीन लाइन्सच्या युवराज वाल्मीकीनं. त्या रात्री देशाच्या हॉकीला दोन नवे नायक मिळाले. विजेत्यांना हॉकी इंडियानं प्रत्येकी 25 हजार रुपये जाहीर केले आणि खेळाडूंनी ते नाकारले. (मस्कतच्या मुलांना परवा प्रत्येकी दोन लाख जाहीर झाले. काही गोष्टी सुधारतात, नाही असं नाही.) युवराज राहत होता त्या खोलीत वीजही नव्हती. विजयानंतर वीज आली, कॅमेरे आले, मुख्यमंत्र्यांची भेट झाली, सरकारी घराचं आश्वासन मिळालं. ते आश्वासन पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं.

तुम्ही त्यानंतर चार ऑलिंपिक खेळलात. युवराज एकही नाही. 2014 ला हेगचा विश्वचषक तो खेळला, जर्मनीच्या लीगमध्ये खेळला, त्याचा धाकटा भाऊ देविंदर रिओ ऑलिंपिकला गेला. पण ओर्डोसच्या रात्री त्याच्याबद्दल जे बोललं गेलं होतं, ते घडलं नाही. त्याच्यात कमी होतं म्हणून? मला तसं वाटत नाही. आघाडीच्या खेळाडूला गोलांच्या हिशेबावर ठेवतात आणि हिशेब चुकला की दुसरा आणतात. गोलरक्षकाला शिकायला वेळ देतात, कारण त्याच्या जागी पटकन दुसरा मिळत नाही. नशिबानं तुम्ही अशा जागी उभे होतात जिथे धीर धरण्यावाचून निवडकर्त्यांना पर्याय नव्हता.

तुमच्या वडिलांनी गाय विकून पॅड आणले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मला त्यानंतरची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. 2006 ला कोलंबोत तुम्ही सीनियर संघात आलात आणि 2011 पर्यंत आत-बाहेर करत राहिलात. तुमच्यापुढे आमच्या मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, भरत छेत्री होता. त्या पाच वर्षांत तुमच्याबद्दल कोणी अग्रलेख लिहिला नाही, कोणी तुम्हाला कोणाचा वारस म्हटलं नाही. कोणी पाहत नसताना तुम्ही पिकलात. अरायजीतला ती सोय नाही. तो पिकायच्या आतच बाजारात आला आहे.

आणि असा तो पहिलाच नाही. 2001 ला होबार्टच्या ज्युनियर विश्वचषकात अर्जेंटिनाला 6-1 नं लोळवून आलेली पोरं आठवा. दीपक ठाकूर, गगनअजितसिंग, जुगराजसिंग (आजचा नव्हे, त्या वेळचा). आता दहा वर्षं हॉकी आपली, असं वाटलं होतं. दोन वर्षांत जुगराजच्या मोटारीला अपघात झाला आणि विशीतच त्याचा खेळ थांबला. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपण सातवे आलो.

पण मला जास्त खुपतं ते लखनौ. 18 डिसेंबर 2016 ला बेल्जियमला 2-1 हरवून आपण ज्युनियर विश्वविजेते झालो. कर्णधार हरजीतसिंग, कुराळीच्या ट्रकचालकाचा मुलगा. 2018 ला त्याच्या आयुष्यावर 'हरजीता' हा पंजाबी सिनेमा आला आणि त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्याच्यावर सिनेमा निघाला तो मुलगा सीनियर संघात जम बसवू शकला नाही. टोकियोला तो नव्हता. आपल्याकडे कारकीर्द सुरू होण्याआधी चरित्रपट येतो, यावर हसावं की रडावं?

त्याच संघातले हरमनप्रीत, मनदीप, वरुण, सुमित, नीलकांत, गुरजंत आणि सिमरनजीत मात्र टोकियोचं कांस्य घेऊन आले. मग हरजीत का नाही? दुखापत, फॉर्म, त्याच्या जागेवरचे इतर खेळाडू, अशी उत्तरं मिळतील आणि त्यांत तथ्य असेलही. मला तारखा दिसतात. लखनौ झालं डिसेंबर 2016 ला. हॉकी इंडिया लीगचा शेवटचा हंगाम झाला 2017 च्या सुरुवातीला. मग लीग बंद पडली, ती थेट या महिन्यात पुन्हा सुरू होते आहे. त्या पिढीची ज्युनियर वयोमर्यादा संपली आणि त्याच वेळी पायाखालची पायरीही गेली. एकवीस वर्षांच्या मुलाला सीनियर संघाच्या शिबिरात जागा नसेल, तर त्यानं चांगल्या परदेशी खेळाडूंसमोर कुठे खेळायचं? पोलिसांच्या, रेल्वेच्या, पेट्रोलियमच्या संघांतून देशी स्पर्धा खेळून टिकता येतं. पण ऑस्ट्रेलियन बचावपटूला चकवायचं कसं, ते बेटन कप शिकवत नाही.

सिमरनजीतची गोष्ट याच्या उलटी आहे. टोकियोच्या सोळा जणांत तो नव्हता, वरुणसारखाच राखीव होता. कोविडमुळे त्या वर्षी राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा मिळाली, आणि जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात आपण 1-3 नं मागे पडून 5-4 नं जिंकलो, त्यातले दोन गोल त्याचे. शेवटच्या सहा सेकंदांत तुम्ही कॉर्नर अडवलात, ते सगळ्यांना आठवतं. पण साथ आली नसती तर त्या दोन गोलांचा धनी प्रेक्षकांत बसला असता. आणि एवढं करूनही तो पॅरिसच्या संघात नव्हता. अपेक्षा पूर्ण करणं हे इतकं बेभरवशाचं काम आहे.

ज्याचं जमलं त्याचं कसं जमलं, तेही पाहण्यासारखं आहे. हरमनप्रीत ज्युनियरमध्ये जोहोरला गोलांचा पाऊस पाडून वर आला, 2015 ला सीनियर संघात, 2016 ला विशीत रिओ ऑलिंपिकला. तेव्हा तो आजचा हरमनप्रीत नव्हता. पण रिओनंतर चार महिन्यांत त्याला लखनौला ज्युनियर संघात परत खेळवलं गेलं. ऑलिंपियन असूनही खाली उतरला, विश्वचषक जिंकला, पुन्हा वर चढला. विवेक सागर प्रसादचंही तसंच. 2018 च्या जानेवारीत, अठरा पुरे व्हायच्या आत सीनियर संघात, टोकियोत कांस्य, आणि त्यानंतर 2021 च्या अखेरीला भुवनेश्वरच्या ज्युनियर विश्वचषकात संघाचा कर्णधार. ती स्पर्धा आपण चौथ्या क्रमांकावर संपवली, तरी विवेकचं काही बिघडलं नाही. पॅरिसचं कांस्यही त्याच्याकडे आहे. या दोघांना वर-खाली ये-जा करू दिली गेली आणि खाली आले म्हणजे वगळले गेले असं कोणी समजलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो थोडा बोचरा आहे. पुढच्या डिसेंबरमध्ये ज्युनियर विश्वचषक भारतात आहे, पहिल्यांदाच 24 संघांचा. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, प्रशिक्षक म्हणून तुमचा पहिला विश्वचषक. 2016 नंतर आपण तो जिंकलेला नाही. 2021 ला चौथे, 2023 ला पुन्हा चौथे. म्हणजे वर्षभर तुमच्यावरही तेवढंच दडपण असणार. आणि अशा वेळी प्रशिक्षकाचं हित आणि मुलाचं हित एकाच दिशेला असेलच असं नाही. तुम्हाला सामने जिंकायचे, तर प्रत्येक कॉर्नर अरायजीतला द्यावासा वाटेल, आणि त्यात तुमचं चुकणारही नाही. पण त्याला सीनियर संघात जगायचं असेल, तर या वर्षात त्यानं कॉर्नर कमी आणि मैदानी गोल जास्त करायला हवेत. उजव्या बगलेतून आत घुसायला, चेंडू नसताना धावायला, प्रतिस्पर्ध्याच्या बचावाला अर्ध्यातच अडवायला शिकायला हवं. यातल्या कशाचीही चित्रफीत मोबाइलवर फिरत नाही. काही सामने त्यामुळे हातचे जातीलही. ते जाऊ द्यायची तयारी तुमची आहे का?

तुम्ही म्हणाल, पाहणाऱ्याचं काय जातं. खरं आहे. हरलात तर शिव्या तुम्ही खाणार, त्यातल्या काही आमच्याच वर्तमानपत्रांतून. पण तुमच्या शब्दाला आज जे वजन आहे, ते कोणत्याही ज्युनियर प्रशिक्षकाला कधी नव्हतं. तुमची 16 क्रमांकाची जर्सी निवृत्त झाली आहे. पत्रकार परिषदेत तुम्ही एवढंच म्हणालात की 'हा मुलगा पंचविसाव्या वर्षी तयार होईल, तोवर त्याचे गोल मोजू नका', तर लोक चिडतील, पण ऐकतील. दुसऱ्या कोणी म्हटलं तर ऐकणार नाहीत.

धनराजचं नाव या पोराच्या गळ्यात अडकवणाऱ्यांसाठीही एक हिशेब आहे. खडकीच्या त्या माणसानं चार ऑलिंपिक खेळली. आपण सातवे, आठवे, सातवे आणि पुन्हा सातवे आलो. पदक एकही नाही. मग धनराज पिल्लेनं अपेक्षा पूर्ण केल्या की नाही? हा प्रश्न खडकीत जाऊन विचारून पाहावा आणि सुखरूप परत यावं.

महिनाअखेरीला, 28 तारखेला, राउरकेलात लीग सुरू होईल. लिलावात हरमनप्रीतला 78 लाख मिळाले, ते योग्यच झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विशीतल्या मुलांना महिनाभर परदेशी खेळाडूंच्या शेजारी कपडे बदलायला, जेवायला, हरायला मिळेल. हरजीतच्या पिढीला हेच मिळालं नाही. आमची तक्रार एकच, ती तुमच्या अखत्यारीतली नाही, पण ऐकून घ्या. पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नाही. 2013 च्या पहिल्या हंगामात मुंबईचा संघ होता, तुम्ही स्वतः त्याच्या गोलात उभे होतात. आज चर्चगेटचं मैदान तिथेच आहे, संघ नाही. फलटण तालुक्यातल्या खेड्यांतून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या मुली भारताकडून खेळायला जातात, आणि मुंबई-पुण्यातल्या कोणा उद्योगपतीला हॉकीचा संघ घ्यावासा वाटत नाही. असो. हा रडगाण्याचा विषय वेगळा.

तेव्हा अरायजीत अपेक्षा पूर्ण करील का? माझ्या मनातलं उत्तर असं आहे : मस्कतच्या अपेक्षा, म्हणजे दर अंतिम सामन्यात चार गोल, तो पूर्ण करणार नाही, कोणीच करत नाही. चांगला सीनियर आघाडीवीर मात्र तो होऊ शकतो. 2028 च्या लॉस एंजेलिसला तो चोवीस वर्षांचा असेल, त्या संघात तो मला दिसतो. पण ते त्याच्या मनगटापेक्षा जास्त मधल्या वर्षांवर अवलंबून आहे. त्यात एकदा तरी तो सीनियर संघातून वगळला जाईल, एकदा तरी दुखापत होईल. अझलन शाह स्पर्धेनंतर गुडघ्याच्या दुखापतीमुळे तुम्ही महिनोन्महिने घरी बसला होतात, त्या दिवसांत कोणाचा फोन यावासा वाटत होता आणि कोणाचा आला, हे तुम्ही विसरला नसाल.

एकच विनंती करतो. विश्वचषकासाठी मुलं निवडाल, तेव्हा यादीत नसलेल्यांना ती बातमी इंटरनेटवरून कळू देऊ नका. आणि अरायजीतला मस्कतची चित्रफीत दाखवायचीच असेल, तर 30 व्या आणि 39 व्या मिनिटांची दाखवा, पाकिस्ताननं बरोबरी कशी साधली ती. त्या दोन्ही वेळी तो कुठे उभा होता आणि कुठे असायला हवा होता, ते त्याला विचारा.

आपला,
हॉकीचा एक जुना प्रेक्षक